माझ्या वाटचा अध्याय

वाशीमला नेणारी जीप दारात हॉर्न मारत होती, आई पिशवीत जवसाची चटणी कोंबत होती आणि बाबा शांतपणे बायबलातल्या उत्पत्तीचा पाचवा अध्याय वाचत होते. अमक्याला तमका झाला, तो इतकी वर्षं जगला, मग मेला. मी नर्सच्या नोकरीसाठी मस्कतला निघाले होते, गाडी चुकायची वेळ आली होती, आणि आमच्या घरात ही मेलेल्यांची यादी!

"बाबा, आजच्या दिवस तरी एखादं स्तोत्र वाचा नं."

"आज जो आला थोच वाचाचा, बाई." बाबा आसेगावात शिवणकाम करत, बोलणंही मापात. "ह्या साऱ्याईनं काय पाह्यलं? काईच नाही. पण देवानं यायच्या नातवा-पणतवापर्यंत शब्द पाळला. आता तू तिकडून वाच, मी इकडून वाचतो. अध्याय एकच."

पहिलं वर्षभर मी वाचलं. मग डबल ड्युटी, मग लग्न, मग लेक. दर शुक्रवारी, माझ्या सुट्टीला, बाबा फोनवर विचारत, "वाचून राह्यली नं?" मी म्हणायची, "हो बाबा." पंधरा वर्षं, निर्लज्जपणे. माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्हीही घरी असलं एखादं "हो" सांगत असाल.

एका दुपारी वॉर्डात भावाचा व्हिडिओ कॉल आला. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. ते वाशीमच्या दवाखान्यात होते, वाचा गेली होती, आणि डावा हात उशाजवळच्या पवित्र शास्त्रावर आपटत होते.

"ताई, मी वाचतो म्हनलं तं मान हालवून राह्यले. तुह्याच तोंडून पायजे त्याईले. आजचा अध्याय."

आजचा कोणता? औषधांची ट्रॉली घट्ट धरून मी मोबाइलमधलं शास्त्र वर-खाली सरकवत राहिले. एखादं स्तोत्र ठोकून देता आलं असतं. पण बाबांचे डोळे माझ्यावर होते, आणि त्यांच्यामागच्या मॉनिटरवरचे आकडे मला नीट वाचता येत होते. फार वेळ नव्हता.

"बाबा, मी खोटं बोलली. मी वाचतच नोहती."

हात आपटतच राहिला. आई पुढे आली.

"त्याईले ठाव हाये, बाई. आदी सोताचा वाचत, मंग थोच अध्याय तुह्या वाटचा. रोज दोन डाव." तिने पुस्तक उघडून फोनपुढे धरलं. एकाच पानात खुणेला शिवणाचे दोन दोरे होते. "पांढरा त्याईचा, लाल तुहा."

उत्पत्तीचा पन्नासावा. हुंदके देत वाचला. योसेफ परक्या मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, मरतो. देव पूर्वजांना दिलेला शब्द पाळील, तुम्हाला कबूल केलेल्या देशात नेईल, तेव्हा माझ्या अस्थीही न्या, अशी तो भावांकडून शपथ घेतो. पुढच्या पिढ्यांनी त्या नेल्या, पण ते बघायला योसेफ नव्हता. शेवटच्या ओळीला बाबांचा हात थांबला. मी आसेगावला पोचले तेव्हा माती उरकली होती.

याला चार वर्षं झाली. ते पुस्तक आता मस्कतला माझ्याकडे आहे. घर कुठलं विचारलं की मी अजून आसेगावच सांगते, पण डोळ्यांपुढे ते पान येतं.

लेक पुण्यात हॉस्टेलला आहे. "वाचतेस ना?" मी विचारते. "हो मम्मी," ती चटकन म्हणते. जरा जास्तच चटकन. मी फोन ठेवते आणि माझा अध्याय वाचते. मग लाल दोरा बाजूला करून तिचा वाचते.