लाल पेन्सिलीची खूण

बंदरामागच्या गल्लीत कस्टमचे कागद करून देणारे पुष्कळ होते, पण ‘बिनचूक’ कुठे राहतात असं विचारलं की सगळी बोटं एकाच दाराकडे वळत. परदेशातून माल मागवणाऱ्या छोट्या धंदेवाल्यांचे कागद ते पस्तीस वर्षं करत होते, आणि एकही कागद खिडकीवरून परत आला नव्हता. लोक म्हणत, यांच्या कागदावर माशीसुद्धा रकाना बघून बसते.

खरं गुपित घरातच होतं. टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला बायको. ते एक कागद मोठ्याने वाचत, ती दुसऱ्या कागदावर बोट ठेवून ऐकत असे. जुळलं की म्हणायची, “बरोबर,” आणि त्या ओळीपुढे लाल पेन्सिलीची खूण करायची. कागदावरची भाषा तिला येत नव्हती, पण आकडा काही तिच्या बोटाखालून निसटत नसे.

“अहो, सावकाश वाचा. मागे वाघ लागलाय का?” असं म्हणायची. आणि आल्यागेल्याला सांगायची, “चुका काढते मी आणि बिनचूक म्हणायचं यांना! स्वतःचं वाचलेलं माणसाने स्वतः तपासू नये. डोळे लबाड असतात. धन्याला हवं तेच दाखवतात.”

तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात ती गेली. देवाने बोलावलं, तिथे कुणाचा अर्ज चालतो!

काम थांबलं नाही. बिनचूक एकटे वाचू लागले. एक ओळ मोठ्याने म्हणत, थोडं थांबत, मग स्वतःच पुटपुटत, “बरोबर,” आणि हात लांबवून समोरच्या कागदावर लाल खूण करत. समोरच्या तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं त्यांना सोसलं नसतं.

अशात पुतणीचं काम आलं. धाकट्या भावाची ही मुलगी शाळेतली नोकरी सोडून फुलशेतीत उतरली होती. एका वर्षाच्या कराराने जमीन घेतली होती आणि परदेशातून फुलांचे कंद मागवले होते, दोनशे चाळीस खोकी. थंडी संपायच्या आत ते जमिनीत गेले तरच फुलं, नाहीतर हंगामही गेला आणि जमीनही.

“काका, माझं सगळं त्या खोक्यांत आहे हो,” ती फोनवर म्हणाली. “आता ऐकायला कोण बसतं? मी येऊ का संध्याकाळची?”

“बसतं कुणीतरी. तू तुझे वाफे बघ. मला शिकवतेस होय गं, कालची पोर!”

ती हसली. काकांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

जहाज निघण्याआधी तिकडच्या व्यापाऱ्याने कागदांचे मसुदे तपासायला पाठवले: एक मालाची यादी, आणि दुसरा कंदांना रोग नसल्याचा तिकडच्या सरकारी खात्याचा दाखला. यादीत खोकी दोनशे चाळीस होती. दाखल्यात दोनशे चार. बिनचूकांनी यादी वाचली, “दोनशे चाळीस.” थांबले. “बरोबर,” म्हणाले, आणि दाखल्यावर खूण केली. तिकडे कळवलं, “ठीक आहे, शिक्का मारा.”

माल बंदरात आला. तपासणीला नवी अधिकारीण होती. तिने कंटेनर उघडून खोकी मोजायला लावली आणि बिनचूकांना बोलावून घेतलं.

“तुमचं नाव ऐकून मीच दोनदा मोजलं, काका. म्हटलं, माझंच चुकत असेल. पण छत्तीस खोक्यांना दाखलाच नाही. नियमाने सगळाच माल अडवावा लागतो.”

“बाई, छापण्यातली चूक आहे हो. कंद नाजूक आहेत.”

“मला दिसतंय. पण दाखला तिकडून दुरुस्त होऊनच यायला हवा. माझ्या हातात काही नाही.”

हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, तशातली गत. तिकडच्या कार्यालयाला जोडून सुट्ट्या होत्या. नवा दाखला यायला बारा दिवस लागले. मोजण्यासाठी गार कंटेनरमधून बाहेर काढलेली खोकी तोवर पत्र्याच्या उबट शेडमध्ये होती. पुतणी रोज फाटकाशी येऊन उभी राहायची. तेराव्या दिवशी खोकी सुटली, तर झाकण काढताच आंबूस वास आला. अंधारात कंदांना पांढरे लांब कोंब फुटले होते, आणि खालून ते मऊ पडले होते.

त्याच दुपारी ती काकांकडे आली. रडली नाही, ओरडली नाही.

“मला तो तपासलेला कागद दाखवा.”

त्यांनी काढून दिला. दोनशे चारच्या पुढे लाल खूण होती, काकू करायची तश्शी.

“ही कोणी केली?”

बिनचूकांनी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. “मीच.”

“मग ऐकायला कोण होतं?”

“कुणी नव्हतं गं. खोटं बोललो मी तुझ्याशी. तिच्या हातची खूण माझ्या हाताने करत राहिलो.”

तिने कागदाची कड दुमडली. “मी येते म्हणाले होते ना, काका. मी बसले असते.” एवढंच बोलली आणि गेली.

भाड्याला पैसे उरले नाहीत, जमीन धन्याकडे परत गेली. पुतणी पुन्हा शाळेत लागली, तीही दुसऱ्याच्या बदली म्हणून. बिनचूकांनी हातातली कामं ज्याची त्याला परत केली. कारण विचारणाऱ्याला सांगत, “ऐकणारं माणूस नाही.” पेन्सिल त्यांनी देवापुढे ठेवून दिली.

दीड महिन्याने धीर करून ते भावाकडे गेले. पायरीवर जुन्या डब्यांत माती दिसली. कुजलेल्यांतून टणक राहिलेले थोडे कंद पुतणीने त्यांत लावले होते. काका वाकले. हिरवी पाती मोजली, आणि सवयीने मोठ्याने म्हणाले,

“चार.”

आणि थांबले.

दाराआड पुतणी वह्या तपासत बसली होती. ती उठली नाही. पण आतून तिचा आवाज आला.

“तीन. चौथं गवत आहे.”

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गवतच होतं.