डुकरांसाठी झाडलेली वाट

रानडुकरांना आमच्या मुक्कामात मीच बोलावलं. नुसतं बोलावलं नाही, त्यांच्यासाठी वाट झाडली, वर पाणीही शिंपडलं. तेव्हा पन्नाशी गाठली होती मी, पण अक्कल अजून घरी पोचायची होती.

मोर्शीकडे आमची संत्र्याची बाग. तोड्याच्या दिवसांत घरचे सगळे तिथंच ताडपत्रीची राहुटी ठोकून राहायचे. मी अमरावतीची मास्तरीण, सुट्टी काढून हुकूम सोडायला जायची. बाग राखणारी मावशी माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. राखणीच्या बदल्यात राहुटीमागचा नाल्यालगतचा तुकडा तिला पेरायला दिला होता. त्यात तिचा भुईमूग. शेंगा भरल्या होत्या, आठ दिवसांत उपटायच्या होत्या.

राहुटी आणि भुईमूग दोन्हींभोवती मिळून तिनं केसांचं कडं घातलं होतं. माणसाचे केस, मोर्शीच्या कटिंगच्या दुकानातून पोतं भरून आणलेले. डुक्कर हुंगत येतं, केस नाकात जातात, माणसाचा वास येतो, की ते माघारी फिरतं. हे तिनं मला नीट समजावलं होतं. मी मान डोलावली होती. शाळेतली पोरं डोलावतात तशी.

त्या रविवारी रोडग्यांचा स्वयंपाक होता. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायचे, शेतातल्या मारुतीला नैवेद्य दाखवायचा. आणि भोवती कुणाकुणाचे केस? माझं सोवळं खवळलं. मावशी मारुतीपाशी सारवत होती. मी खराटा घेतला, अख्खं कडं झाडून नाल्यात लोटलं, जागेवर पाणी शिंपडलं आणि वरून तिलाच स्वच्छतेवर भाषण दिलं. तिनं एकदा नाल्याकडे पाहिलं आणि पुन्हा सारवायला लागली. मालकिणीपुढं काय बोलणार? मला वाटलं, पटलं तिला. काय बाई होते मी! आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

सकाळी उठून पाहिलं तर भुईमूग नांगरल्यासारखा पालथा. शेंगांची फक्त टरफलं. राहुटीतलं रोडग्यांचं टोपलंही पार नाल्यापर्यंत गेलेलं.

आणि मी काय करावं? मी मावशीवरच तडकले. जाग कशी आली नाही, म्हणून विचारलं. दीर म्हणाले, डुकरं काय, येतच राहतात, वहिनी, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. जाऊ चहा घेऊन आली. मला चहा! जिचं रान गेलं ती बांधावर उकिडवी बसलेली, आणि समजूत माझी चाललेली. घरच्यांवरचा तो राग माझा अजून गेलेला नाही. त्यांनी तेव्हाच चार शब्द सुनवायला हवे होते.

दुपारी लाज वाटली, तेव्हा तिच्याजवळ गेले. घरच्या शेंगांचं पोतं पाठवते म्हणाले. मोठ्या मनाची ना मी. ती उलटलेल्या वेलांतून उरल्यासुरल्या शेंगा वेचत होती. हात न थांबवता म्हणाली,

"शेंगा तं तुमी देसान, बाई. पन तीन महिने म्या राखन केली, थे कोनत्या पोत्यात भरून देसान?"