आत्याबाईंची पाठ

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, झोपेतच गेल्या. सकाळी चहा घेऊन उठवायला गेले तर हात गार. ह्यांना फोन लावायच्या आधी मी त्यांच्या पायावरची गोधडी सारखी केली, अंग उघडं राहिलेलं त्यांना चालायचं नाही... नंतर आंघोळ घालताना गल्लीतल्या बायकांनी त्यांची पाठ पाहिली आणि पाणी ओतता ओतता थांबल्या. कमरेपासून मांडीपर्यंत डाग दिल्याच्या खुणा, रुपयाएवढ्या, काळ्या पडलेल्या. एकीने विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणाले, त्यांनीच करून घेतलं. आता महिना होऊन गेला. त्या पाठीबद्दल माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याच्या आधी माझे पाय बाहेर आले. पायाळू माणसाने कमरेत लाथ घातली की भरलेली चमक निघून जाते, असं आमच्याकडे मानतात. शहागडला माहेरी लहानपणापासून माझ्याकडे माणसं यायची. हायवेवर गाडी लावून ट्रकवालेसुद्धा यायचे, आणि मी मान खाली घालून त्यांच्या कमरेला पाय लावायची. आत्याबाई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी रंग पाहिला नाही, स्वयंपाक विचारला नाही. बदनापूरला लोकांच्या शेतात जन्मभर वाकून खुरपून त्यांची कंबर गेली होती. कमरेतून डाव्या पायात करंट लागल्यासारखी कळ उतरायची. माझ्या आईला म्हणाल्या, "मला हुंडा नको, पोरीचा पाय पाहिजे." सगळे हसले. मलाही थट्टा वाटली.

थट्टा नव्हती. अंगाची हळद उतरायच्या आधीच एका सकाळी त्या ओसरीत पालथ्या पडल्या आणि म्हणाल्या, घाल. सासूला पाय कसा लावायचा? हळूच घातली तर म्हणाल्या, "म्हैस बी याच्याहून बरी लाथ घालती." मग मी जोरात घातली, आणि रीत आहे म्हणून वाकून त्यांच्या पाया पडले. थोडे दिवस बरं वाटलं. कळ परत आली त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा उलथन्याने मारलं. तुझा पाय खोटा, तुझ्या आईने मला फसवलं, असं म्हणत मारलं. पुढे कितीतरी वर्षं हेच. कळ आली की मी त्यांना लाथ घालायची, आणि कळ गेली नाही की त्यांनी मला मारायचं. चिमटा, लाटणं, हाताला येईल ते. माझ्या भुवईवरची खूण पितळी तांब्याची आहे. एकदा तापलेला तवा फेकला, तो माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. हे जालन्याच्या सळईच्या कारखान्यातून घरी आले की माझ्या जखमेत हळद भरायचे आणि म्हणायचे, "आई न्हाई मारत गं. दुखणं मारून राह्यलंय." मी त्या वाक्यावर दिवस काढले. कळ आली की त्या जमिनीवर डोकं आपटायच्या ते मी पाहत होते. वाटायचं, हे दुखणं एकदा निघालं की आत चांगली बाई सापडेल.

मग डाग देणारा एक म्हातारा आणला. त्याने सळई चुलीत लाल केली. आम्ही नवरा-बायकोने त्यांचे हातपाय दाबून धरले. कातडी जळाल्याचा वास घरभर झाला, आत्याबाईंनी गोधडी दाताने फाडली, पण ओरडल्या नाहीत. डाग पिकले. कळ तशीच.

एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर घरी येऊन मुलाला म्हणाल्या, मला कापायला नेलंस तर आधी तुला कापीन. शेवटी कारखान्यातल्या कुणीतरी जालन्याच्या एका डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. त्या फक्त जुन्या दुखण्याचंच बघतात. त्यांनी कमरेचे फोटो पाहून सांगितलं, मणक्यातून निघणारी नस सुजून दाबली गेली आहे. कापायचं काही नाही. मशीनवर बघत बघत बारीक सुई तिथपर्यंत न्यायची, औषध सोडायचं, संध्याकाळी घरी. त्यांनी डाग पाहिले. लाथेचं ऐकून माझ्या पायाकडे पाहिलं आणि बजावलं, ह्यापुढे ह्या कमरेला कुणाचा पाय लागता कामा नये.

आत्याबाई म्हणाल्या, "मंग हिला ठेवून काय करू?"

टेबलावर पालथं घालताना त्यांनी नर्सच्या थोबाडीत मारली. म्हणून मला मशीनचे किरण अडवणारा जड शिशाचा अंगरखा घालून त्यांच्या डोक्याशी उभं केलं. सुई आत गेली आणि औषध सुटताना तीच कळ पायात उतरली असणार, कारण त्यांनी माझा दंड धरून कचकन चावला. रक्त आलं. मी हात काढला नाही. मग हळूहळू त्यांचे दात सुटले... संध्याकाळी त्या रिक्षापर्यंत ताठ चालत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दुखणं मुळासकट गेलं असं समजू नका, व्यायाम करा, रोज चाला.

घरात शांतता झाली आणि मला जास्तच भीती वाटायला लागली. जेवताना मी त्यांच्या हाताकडे बघायची. मला एकच कळायला पाहिजे होतं, आता तो हात उठतो का.

एका दुपारी वरण करपलं. पूर्वी भिंत धरून उठणाऱ्या आत्याबाई एका झटक्यात उठल्या. पहिला चिमटा खांद्यावर बसला, दुसऱ्यासाठी हात वर गेला. त्या घरात मी कधी उलटून बोलले नव्हते. पण तोंडातून निघून गेलं, "आत्याबाई, आता कुठं दुखून राह्यलंय?"

चिमटा वरच राहिला. वरणाचा धूर घरात पसरत होता...

"कुठंच न्हाई," त्या म्हणाल्या. मग खाली बसल्या. "मलाबी वाटल्तं, दुखणंच मारतंय."

त्यांनी चपला घातल्या, दाराची कडी काढली आणि बाहेर पडल्या. स्टेशनच्या रस्त्याने फिरून दिवेलागणीला आल्या. त्या दिवसापासून राग आला की कडी काढून चालायला जायच्या. भर उन्हात, पावसातसुद्धा. लोक म्हणायचे, म्हातारी डॉक्टरचं बराबर ऐकते. त्यानंतर मला कधी हात लागला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. कधी कधी कडीपर्यंत पोचायच्या आधीच लागायचा. पण पुढे एकदा कळ पुन्हा आली, दुसरी सुई घेईपर्यंत पाय टेकवत नव्हता, आणि तेव्हाही त्या दात खात, लंगडत, भिंत धरून बाहेर गेल्या. मला शिव्या देत गेल्या, पण गेल्या.

परवा माझ्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं. कोपर आपोआप तोंडासमोर आलं आणि कान दाराकडे गेले. मी तशीच उभी राहिले. दूध वाहत वाहत उंबऱ्यापाशी पोचलं. कडी काही वाजली नाही... मग मी फडकं घेतलं.