सीडीवरची भस्माची बोटं

खंडेनवमीला आमच्या कडा गावातल्या किराणा दुकानात तराजू, वजनं, मापटी, सगळ्यांची पूजा व्हायची. त्या वर्षी आईने पूजेत एक सीडीही मांडली आणि तिच्यावर भस्माची तीन बोटं ओढली. ओढली ती नेमकी चकाकणाऱ्या बाजूवर. दुसऱ्या बाजूला पेनने काहीबाही खरडलेलं होतं, मग पूजा त्या खरडलेल्या बाजूची कशी करायची? दुसऱ्या दिवशी तिने ती ओल्या फडक्याने, परात पुसावी तशी गोल गोल घासून लख्खही केली.

त्या सीडीत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज होता. आदल्या वर्षीच्या श्रावणात शेवटच्या सोमवारी त्यांनी महादेवाच्या देवळात म्हटलेली भजनं एका शूटिंगवाल्याने भरून दिली होती. पुढे पौषात औरंगाबादला त्यांच्या घशातली गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. आता ते टाळी वाजवून बोलवायचे आणि हातवारे करून सांगायचे. शूटिंगवाल्याने मूळ कॅसेटवर केव्हाच कुणाची तरी वरात भरली होती. अण्णांचा आवाज त्या एका चकतीवरच काय तो उरला होता.

मी नुकताच एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. म्हटलं, सीडी त्यात उतरवून ठेवू, म्हणजे घोर मिटेल. कसला मिटतो! उतरवलेलं पहिलं भजन लावलं तर टक्, टक्, मधेच अर्धी ओळ गायब, पुन्हा टक्.

आई दारात उभी होती. ‘‘माझ्या भस्मानं गेलं का रं?’’

‘‘मग काय! ठेव आता देव्हाऱ्यात,’’ मी खेकसलो. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग मी त्या सीडीच्या मागे हात धुऊन लागलो. मऊ सुती कापडाने आतून बाहेर, सरळ रेषेत पुसली. गोल पुसलं की ओरखडा गाण्याच्या वाटेवरूनच जातो, असं आष्टीच्या माझ्या कॉम्प्युटरवाल्या मित्राने सांगितलं होतं. वाचण्याचा वेग अगदी कमी केला. बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. चुका दुरुस्त करत वाचायची सोय असते, तीही लावली. भजन रखडत रखडत निम्म्यावर यायचं आणि लाइट जायची. पुन्हा पहिल्यापासून. मी लाइटला शिव्या घालायचो, महादेवालाही सोडायचो नाही. हा आवाज गेला तर अण्णा दुसऱ्यांदा मुके होतील, असं वाटायचं.

शेवटी टकटक गेली, ओळी पुऱ्या झाल्या. फक्त शेवटच्या भजनात वरचा सूर लागला की खरखर यायची. ती काही केल्या हटेना. सीडी घेऊन आष्टीला गेलो. मित्राने ती दुसऱ्या मशीनमध्ये घातली. खरखर तिथेच. तिसऱ्यात घातली. तिथेच.

‘‘ओरखडा असता तर दर मशीनवर येगळं वाजलं असतं बे,’’ तो म्हणाला. ‘‘हे समद्यांवर सारखंच हाय. सीडी आता बरी हाय. भरतानाच तसं भरलंय.’’

‘‘देवळातला माइक खराब असणार,’’ मी म्हणालो. त्याने सीडी पाकिटात घालून माझ्या हातात दिली.

घरी येऊन अण्णांनाच समोर बसवलं आणि शेवटचं भजन लावलं. आईही येऊन बसली. अण्णा डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते. वरचा सूर आला, खरखरला, आणि त्यांचा हात थांबला.

‘‘माइकच ना, अण्णा?’’

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

आई रडायलाच लागली. ‘‘म्हंजी माझ्या भस्मानंच. मीच पुसून टाकला ओ तुमचा आवाज.’’

अण्णांनी घाईने तिचा हात धरला, तिची बोटं आपल्या गळ्यावर, टाक्यांच्या जागी टेकवली आणि दुसऱ्या हाताने स्पीकरकडे बोट केलं. खरखर त्यांच्या घशातलीच होती. आजार त्या सोमवारीच तिथे येऊन बसला होता, आणि ते त्यांना ठाऊक होतं. आईचं रडणं थांबलं. तिने हात काढला नाही.

स्पीकरमधून देवळातली माणसं ओरडत होती, ‘‘आन्ना, आजून एक होऊ द्या!’’ त्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. त्यावर अण्णा हसले, खाकरले आणि म्हणाले, ‘‘बास आता. न्हाई जमायचं.’’

तिथे सीडी संपली.