प्रेसशॉपमधली कुजबुज

"जुना म्हातारा आधी काढा. गंज चढलाय त्याला. नवीन आलाय, तो लावा."

सुपरवायझर जाधव हे बोलला तेव्हा त्याची पाठ माझ्याकडं होती. मी वाकून बोल्ट आवळत होतो. मान वर केली नाही, पाना तसाच फिरवत राहिलो. म्हटलं, ठीक आहे बाबा. कळलं.

चाकणच्या एका कंपनीत मी डाय सेटर. डाय म्हणजे लोखंडी साचा. तो प्रेस मशीनमध्ये बसवायचा, मध्ये पत्रा सारायचा, वरून दणका बसला की गाडीचा पार्ट तयार. साचा जरा तिरका बसला की माल भंगारात. माझी शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं हातानं शिकलो. रिटायर झाल्यावर कंपनीनं कॉन्ट्रॅक्टवर ठेवलं होतं. ते संपत आलं होतं, आणि त्याच आठवड्यात एक नवा डाय सेटर भरती झाला होता. आता मी काय समजायचं?

शंका त्या दिवसाची नव्हतीच. आमची मंडळी, हिरा, वारली तेव्हापासूनची. दहाव्याला लोक हळू बोलले ते ठीक. मयताच्या घरी कोण ओरडतंय? पण पुढं महिने गेले तरी माणसं हळूच बोलत राहिली. कुरुळीतले आमचे शेजारी, दुकानदार, टपरीवर चहा पिणारे शिफ्टवाले. मी जवळ गेलो की हसायचे. काय बोलला रे, म्हणून विचारलं की "काही नाही नाना." काही नाही तर दात कशाला काढतोस? ती गेली आणि सगळ्या जगानं आवाज खाली केला. आणि खालच्या आवाजात कोण चांगलं बोलतं?

नोकरी गेली असती तर उपाशी मेलो नसतो. पण खोलीत एकटा दिवसभर करू काय? शिफ्ट होती म्हणून आंघोळ होती, दाढी होती.

जेवणाच्या सुट्टीत मी सरळ मॅनेजर पाटील साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. जाधवलाही तिथं बोलवायला लावलं.

"साहेब, काढायचं असेल तर तोंडावर काढा. पाठीमागं बोलू नका."

"कोण काढतंय तुम्हाला, नाना?"

"ह्याला विचारा. माझ्या कानानं ऐकलंय." आणि शब्दाला शब्द सांगितलं.

जाधवनं कपाळावर हात मारला. "अहो नाना, पत्रा! जुना पत्रा काढा म्हणालो! तो लॉट गंजलाय. नवीन लॉट आलाय. म्हातारा कुठनं आणलात तुम्ही मध्येच?"

साहेब खो खो हसले. मला हसू आलं नाही. पकडला गेला की माणूस शब्द फिरवतोच.

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं.

जाधव पाणी प्यायला माझ्या मागं गेला. थोड्या वेळानं साहेब हसायचे थांबले. ते माझ्या खांद्यावरून मागं बघत होते. मी वळलो. जाधव ग्लास हातात धरून उभा होता. तो समोर आला आणि माझ्या तोंडापुढं बोलला, "तीन हाका मारल्या, नाना."

साहेबांनी विचारलं, "मशीनवर कोणी 'थांबा' म्हणून ओरडलं तर ऐकू येतं तुम्हाला?"

मी जाधवकडं बघितलं.

"मग उद्यापासून प्रेसवर उभं राहायचं नाही. आधी कान तपासून या."

"म्हणजे काढलंच की."

"तपासून या म्हटलंय, नाना."

बघा. ज्याची भीती होती, ते मीच माझ्या पायानं चालत जाऊन करून घेतलं. तरी घरी जाताना यार्डात डोकावलोच. गंजलेला पत्रा खरंच बाजूला काढून ठेवला होता.

सुनंदा, माझी मुलगी, चिंचवडला दिली आहे. ती मला कासारवाडीच्या कानाच्या दवाखान्यात घेऊन गेली. रिक्षात मी म्हटलं, "तुझी आई गेली आणि कान पण गेले बघ."

सुनंदा माझ्याकडं वळून म्हणाली, "आत्ता नाही गेले बाबा. कितीतरी वर्षं झाली. आई होती म्हणून तुम्हाला कळलं नाही."

"ती काय करत होती?"

"आम्ही काही बोललो की तेच ती मोठ्यानं परत बोलायची. 'अहो, सुनंदा म्हणतीये बस चुकली.' दुकानात तेच, दवाखान्यात तेच. तुम्ही फक्त तिचंच ऐकत होता."

मी तिला जन्मभर सांगत आलो, बाई, जरा हळू बोल, लोक ऐकतात. ती म्हणायची, ऐकू देत. मला वाटायचं, बाईचा आवाजच मोठा.

दवाखान्यातली बाई फार गोड बोलत होती, म्हणजे काहीतरी विकणार हे नक्की. तिनं मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवला. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ काही आलंच नाही. वाटलं, मशीन बंद पडलंय. मग काचेपलीकडं सुनंदाचं तोंड बघितलं आणि कळलं, मशीन चालू आहे.

शेंगदाण्याएवढं यंत्र मिळालं. ते मी खिशातच ठेवलं. म्हातारपण कानाला टांगून गावभर दाखवायचं?

रिपोर्ट घेऊन कंपनीच्या गेटवर गेलो. वॉचमन काहीतरी बोलला आणि हसला. माझं डोकं फिरलं. खिशातलं यंत्र काढलं, त्याच्यासमोरच कानात घातलं आणि म्हटलं, "आता बोल. काय म्हणालास?"

तो बिचकला. "जेवलात का, विचारलं नाना. लई दिवसांनी दिसलात."

मी म्हटलं, "जेवलो." दुसरं काय म्हणणार?

प्रेसवर मला परत घेतलं नाही. तिथल्या दणक्यात यंत्र चालत नाही, आणि उरलंसुरलं ऐकू येणंही जाईल, असं डॉक्टरनं लिहून दिलं होतं. साहेबांनी कॉन्ट्रॅक्ट वाढवून टूल रूममध्ये बसवलं. तिथं बिघडलेले डाय दुरुस्त होतात, आवाज कमी असतो. मला प्रेस पाहिजे होता, तो गेला. शिफ्ट राहिली.

यंत्र लावलं तरी सगळं ऐकू येतं असं नाही. नवा डाय सेटर डाय घेऊन येतो, बिघाड सांगतो, त्यातलं अर्धं निसटतं. पूर्वी मी मान हलवली असती आणि नंतर त्याच्यावर डूख धरला असता. आता सांगतो, "कळलं नाही. तोंड इकडं कर आणि परत बोल." हे वाक्य बोलणं मला कामातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त जड गेलं. तो मुकाट परत सांगतो. त्याला काहीच वाटत नाही. वाटायचं ते मलाच वाटत होतं.

ऐकू आलं नाही म्हणायची लाज धरली की रिकामी जागा मन भरतं, आणि मन तिथं कधी चांगला शब्द घालत नाही. म्हणून माणसांचा संशय आला तर आधी कान तपासून घ्या. माणसं नंतर तपासता येतात.