वहिनीचा गुरुवारचा तास

आमच्या घरात कोणतीही गोष्ट मताला टाकल्याशिवाय होत नाही. याचं सगळं श्रेय माझ्या वहिनीला. पडद्यांचा रंग मतदानाने ठरला, आणि माझ्या घोरण्यावरही रीतसर ठराव आला. आई तरी माझ्या बाजूने उभी राहील अशी माझी भाबडी समजूत होती. तिनेच सगळ्यात आधी हात वर केला, आणि माझी गादी बाहेरच्या खोलीत गेली. "भाऊजी, तुमची बाजू मांडायची संधी दिली होती," वहिनी म्हणाली. दिली होती खरी, पण तेव्हा मी झोपलो होतो.

वहिनी नागरिकशास्त्र शिकवते, मी गणित, आणि दोघंही एकाच शाळेत. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला शेवटी चिकटवलेली चार पानं, असं आम्हा बाकीच्या शिक्षकांचं प्रामाणिक मत होतं. वहिनी ती चार पानं वर्षभर पुरवायची. सहावीच्या पहिल्या तासाला ती वर्गात जायची आणि सांगायची, "आजपासून या वर्गात एकही नियम नाही." मग शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. पोरं आधी बिचकायची, मग बाकांवर नाचायची, मग सगळी एकदम बोलायला लागायची. तास संपता संपता घसे बसलेले असायचे आणि कुणीतरी रडकुंडीला येऊन म्हणायचं, "बाई, एका वेळी एकानेच बोलायचं असं करू या ना!" तो पहिला नियम. पुढचे नियमही पोरंच करायची. त्यांतला एक नियम असा होता, की ज्याच्याबद्दल काही ठरवायचं, त्याचं आधी ऐकून घ्यायचं.

सहावीवर तिचा हा एकच तास, गुरुवारचा. त्या दिवशी ती सकाळपासून गुणगुणत असायची आणि दादाच्या चहात साखर घालायला विसरायची.

यंदा सहावीचं गणित फारच कच्चं निघालं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तो तास मला द्यायचं ठरवलं. एकदा गेलेला तास वेळापत्रकात परत येत नाही, हे आमच्या शिपायालाही ठाऊक आहे. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. वहिनी मात्र मोठ्या बाईंना एवढंच म्हणाली, "द्या की. पण तास मुलांचा आहे, त्यांना विचारून द्या." मोठ्या बाई हसल्या. "मुलं काय, तुमच्याच बाजूने बोलणार! पण विचारा. ठरवतील ते मला मान्य."

मग सहावीच्या पोरांसमोर बाजू मांडायची पाळी माझ्यावर आली. सभापती होती दोन वेण्यांची एक एवढीशी मुलगी. आवाज बारीक म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. मी खडू आपटत गणिताचं महत्त्व सांगितलं. एक मुलगा उठला. "सर, तुम्ही रोज एक तास घेताच की. त्यात आम्हाला का येत नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डोळे वटारले.

"सर, उत्तर द्या," चिमणी म्हणाली. "रागावणं उत्तरात धरत नाहीत."

माझी डाळ शिजत नाही हे मी ओळखलं आणि खडू खाली ठेवला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची, वहिनीच्या अगदी शेजारी बसलेली मुलगी उभी राहिली. शाळा सुरू झाल्यापासून मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

"मला अपूर्णांक येत नाहीत," ती म्हणाली. "घरी कुणाला विचारता येत नाही. बाईंचा तास मला खूप आवडतो. पण मला हा तास गणिताला हवाय."

सगळा वर्ग वहिनीकडे वळला. आपला चेहरा कुणाला वाचता येऊ नये म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली. चिठ्ठ्या पडल्या, कंपासपेटीत गोळा झाल्या, मोजल्या गेल्या. थोडक्या मतांनी मी जिंकलो. सहामाही परीक्षेपर्यंत तास गणिताला, पुढचं वर्ग ठरवेल.

संध्याकाळी वहिनी घरात शिरली ती ओरडतच. "अहो, हरले!"

"तुझा तास गेला आणि तू नाचतेस काय?" दादा वैतागला.

"अहो, ती पोरगी माझ्याच शेजारून उठून माझ्याविरुद्ध बोलली! आणि बाकीच्यांनी तिचं ऐकलं. आणखी काय शिकवायचं मी?"

ती खरंच खूश होती. पण पुढच्या गुरुवारी सकाळी घरात गुणगुण नव्हती आणि दादाच्या चहात साखर बरोबर पडली होती. मला फार वाईट वाटलं.

जिंकलेल्या तासाला मी वर्गात गेलो, तर पोरांनी अटी तयार ठेवलेल्या. ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याच्याशेजारी बसायचं. आणि कुणी विचारलं तर सरांनी, "इतकं साधं कळत नाही?" असं म्हणायचं नाही. मी कुरकुरलो, पण मान्य केलं. कागदाच्या पट्ट्या कापल्या, घड्या घातल्या. "कुणाला कळलं नाही?" म्हटल्यावर एकदम दहा-बारा हात वर आले. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात एक हात वर येत नसे, आणि मी समजायचो सगळ्यांना येतंय! हळूहळू मलाच गुरुवारची ओढ लागली. तो तास मला फार आवडायला लागला.

परीक्षा झाली. अपूर्णांकांत बहुतेक सगळे तरले. पुढच्या गुरुवारी मी पट्ट्या घेऊन गेलो, तर शेवटच्या बाकावरची ती मुलगी उभी राहिली. या वेळी आवाज चांगला खणखणीत होता.

"माझा ठराव आहे. मला आता येतं. बाईंचा तास बाईंना परत द्यावा."

नियमाप्रमाणे वहिनीला बोलावणं गेलं. ती दारात येऊन उभी राहिली. बोलायचं आहे का, असं चिमणीने विचारलं, तर तिने मानेनेच नाही म्हटलं.

"या वेळी चिठ्ठ्या नकोत," चिमणी म्हणाली. "बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

ती बाकांमधून मोजत मोजत पुढे आली आणि फळ्यापाशी, माझ्यासमोर थांबली.

"सर, हात खाली घ्या. तुम्हाला मत नाही."

माझा हात केव्हा वर गेला ते मला कळलंच नव्हतं. वर्ग खदखदून हसला. वहिनीने तोंड भिंतीकडे फिरवलं, पण तिचे खांदे हलताना मला दिसले.

"सर," चिमणी पुन्हा म्हणाली, "मोजणी थांबलीय."