एका खोलीत दोन पंखे

त्या एप्रिलात मला घरात कुठेच चैन पडत नव्हती. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून पुन्हा आत. ऑफिसात बसल्या बसल्या पाठ पेटायची, कानशिलं तापायची आणि पाच मिनिटांत ब्लाउज घामानं ओला व्हायचा. मग एकदम हुडहुडी. पन्नाशी लागली होती. हे काय चाललंय ते अर्धवट कळत होतं, पण कोणाला सांगावं असं त्यात काही आहे असं वाटत नव्हतं. आई यावर कधी एक शब्द बोलल्याचं आठवत नाही. मग मी सगळा दोष बेडरूममधल्या पंख्यावर टाकला.

पंखा जुना होता, हे खरंच. रेल्वे क्वार्टर सोडून तेलीबांध्याच्या तळ्याजवळच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा सोबत आणलेला. नवरा त्याच वर्षी रिटायर झाला होता.

"कंडेन्सर बदलला की पळते तो," तो म्हणाला.

"नाही. नवीनच घ्यायचा."

पंडरी बाजारातल्या दुकानात छताला वीसेक पंखे टांगलेले होते. दुकानदार एकेक चालू करायचा आणि मी त्याखाली डोळे मिटून उभी राहायची. नवरा लांब, दाराशी. त्याला वारा लागला की शिंका सुरू होतात. मला हवा जोरात फेकणारा पाहिजे होता, त्याला हळू फिरणारा.

"दोन घेऊ ना," मी म्हटलं. "माझ्याकडे एक, तुमच्याकडे एक."

"एका खोलीत दोन? घराची वेटिंग रूम करून राहिली का?"

दुकानदारानं भांडण मिटवायला रिमोटवाला पंखा काढला. "दीदी, ये दोनों का हो जाएगा." आम्ही तो घेतला.

बसवायला मागच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, इलेक्ट्रिशियन आला. पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, बोलायला कमी. आधी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका मिलमध्ये वायरिंग करायचा, आता स्वतःचं काम करतो. अर्ध्या तासात पंखा लागला. त्यानंतरचे पाच दिवस आमचं रिमोटवरून चाललं. मी पाचवर करायची, नवरा एकवर आणायचा. एकदा रिमोट त्याच्या उशीखाली सापडला. मी माझी उशी उचलून हॉलमधल्या दिवाणावर झोपायला गेले. सकाळी पोह्याची ताटली त्याच्यापुढे जरा आदळलीच.

"तुले आजकाल माझ्याशीच अडचण आहे," तो म्हणाला. "रिटायर झालो तेव्हापासून पाहून राहिलो मी."

मी पर्स उचलली आणि निघाले. दिवसभर ऑफिसात त्याच्या त्या वाक्याला उत्तरं जुळवत बसले.

रविवारी मी इलेक्ट्रिशियनला परत बोलावलं. पंखा माझ्या बाजूला सरकवून द्या म्हटलं. शिडीची घोडी घेऊन तो आला. नवराही घोडी धरायला आला, कारण घरात काही ठोकठाक चालू असली की त्याला बाहेर बसवत नाही. इलेक्ट्रिशियननं वर चढून छताकडे पाहिलं.

"हुक तो बीच में है, दीदी. सरकाना है तो नया छेद करना पड़ेगा. क्यों, हवा कम लगती है?"

"मुझे गरम होता है."

"और भैया को?"

"मले थंडी वाजते," नवरा म्हणाला.

इलेक्ट्रिशियन खाली उतरला. खिशातला टेस्टर काढून शर्टाला पुसत राहिला. माझ्याकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही.

"मेरी घरवाली दो गर्मी आँगन में सोई," तो म्हणाला. "मैं समझा, नाराज है. मैंने भी बात बंद कर दी. फिर मितानिन दीदी घर आई, उसने समझाया. बोली, इस उमर में औरत के बदन में आँच उठती है. गुस्सा नहीं है वो, तकलीफ है."

मितानिन म्हणजे घरोघरी फिरून बायकांच्या तब्येतीची विचारपूस करणारी आरोग्य कार्यकर्ती. तिनं त्याच्या अंगणात सांगितलेलं आता माझ्या बेडरूममध्ये आलं होतं. चहा ठेवते म्हणून निसटावंसं वाटलं, पण मी तिथेच थांबले. लाज वाटली, आणि त्या लाजेखाली काहीतरी सैल झालं. नवरा घोडी धरून उभा होता. घोडीवर कोणी नव्हतं, तरी धरूनच.

मग तो इलेक्ट्रिशियनला म्हणाला, "वो वाला मत हटाओ. दूसरा लगाओ, इनकी तरफ."

नवरा एकटाच स्कूटर काढून दुकानात गेला आणि लहान पात्यांचा पंखा घेऊन आला. रिमोट नसलेला. रेग्युलेटर माझ्या उशाशी, भिंतीवर बसवायचा होता. ड्रिल सुरू झालं तेव्हा खोलीभर सिमेंटचा भुगा उडाला. स्लॅबमध्ये मध्येच सळई लागली, छेद वीतभर सरकवावा लागला. हुक बसला, पण त्याच्याखाली झोपायचं होतं मला.

"पडणार तर नाही ना? पक्का है?" मी तीनदा विचारलं.

इलेक्ट्रिशियननं दोन्ही हातांनी हुक धरला, घोडीवरून पाय उचलले आणि स्वतःच लोंबकळला. "हव, दीदी. मैं टँग गया, अब पंखा क्या गिरेगा."

तिघंही हसलो. पाच दिवसांत पहिल्यांदा.

तो गेल्यावर मी भुगा झाडायला घेतला. नवऱ्यानं माझ्या हातातून झाडू घेतला. झाडता झाडता, खाली बघूनच विचारलं, "कधीपासून होऊन राहिलं हे?"

"दीडेक वर्ष झालं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"काय सांगणार होते? मलाच नीट समजत नव्हतं."

"मी समजलो, घरी बसलेला माणूस तुले नको झाला."

मी खाली बसले आणि त्याच्यासमोर सुपली धरली. भुगा बारीक होता, भरता भरता पुन्हा पसरत होता. बोलायला तेवढा वेळ पुरला. कधी येतं, किती वेळ राहतं, ऑफिसात काय होतं, सगळं सांगितलं. तो उरलेला भुगा सुपलीत लोटत राहिला.

पुढच्या आठवड्यात आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तो बाहेर बाकावर बसेल असं मला वाटलं होतं, पण आत आला, आणि माझ्याआधी त्यानंच सांगायला सुरुवात केली. काही गोष्टी चुकीच्या सांगितल्या. मी दुरुस्त केल्या. बाईंनी सगळं लिहून घेतलं, गोळ्या दिल्या, थोडं चालायला सांगितलं.

त्रास लगेच गेला नाही. अजूनही काही दुपारी मी खोल्याखोल्यांतून फिरते, टिकत नाही कुठे. तो पेपरातून डोकं वर काढतो, मला दोन फेऱ्या मारू देतो आणि मग विचारतो, "तळ्यावर चक्कर मारून येऊ का?" कधी मी हो म्हणते, कधी त्याच्यावर खेकसते. तो पेपरची घडी घालून चपला शोधायला लागतो.